दोन पेरं कोरडं

इओना ऑर्कनीला परत गेली तेव्हा
तिची खुर्ची कुणी नेली, किटली कुणी नेली,
माझ्या वाट्याला आली ही कुंडी.
गडद, मेणचट पानं,
खोटी वाटावीत इतकी नीटस.
कुंडीला चिकटवलेल्या चिठ्ठीवर एकच ओळ:
हिच्याकडे फार लक्ष देऊ नकोस.

लक्ष देऊ नकोस!
हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.
आमच्याकडे पाहुण्याने पानावर हात आडवा धरला
तरी बोटांच्या फटीतून वाढतात.

डंडीत, जुन्या दगडी इमारतीच्या तळमजल्यावर
माझी एकच मोठी खिडकी, तीही उत्तरेला.
डिसेंबरात ऊन आत येत नाही,
समोरच्या भिंतीवर टेकून
चौकशी करून निघून जातं,
साडेतीनच्या आत.
दिवसभर मी चष्म्याच्या दुकानात
परक्यांच्या बुबुळांवर दिवा धरते,
म्हणते, वाचा, सगळ्यात खालची ओळ वाचा.
संध्याकाळी घरी येते
आणि या अंधारात हिचं कसं होणार
या धास्तीने पाणी घालते.

सोमवारी घातलं.
मंगळवारी वारा फार सुटला होता म्हणून घातलं.
बुधवारी तांदळाचं धुवण टाकवेना.
शनिवारी कैवल्यने एक्सिटरहून फोन उचलला नाही,
तेव्हा तर तांब्याभर.

जानेवारीत पिवळी पडायला लागली.
एखाददुसरं पान नाही, अख्खी दांडीच,
आणि बुडाशी हात लावला तर लिबलिबीत.
मला वाटलं, तहान.

शेवटी वर्तमानपत्र पसरून
कुंडी आडवी केली.
आधी वास आला. मग त्या चिखलातून
हाताला लागले गोल, खरबरीत,
भरल्या अंगाचे कंद.
अगं बाई, तू होय!
सुरणाची कुणीतरी, अळवाची चुलत नात.
माहेर लांबचं, पूर्व आफ्रिकेतलं,
खडकाळ, उन्हाळ्यात भेगाळणारं,
पण कूळ आमच्या परसातलं.
अळू मोरीच्या सांडपाण्यावर माजतं,
त्याला कितीही ओता.
हिने मात्र महिनोन्‌महिने पुरेल इतकं
पोटाशी बांधूनच घर सोडलेलं.
शिदोरी होती तिच्याजवळ.
मी विचारलंच नव्हतं.

कुजलेलं सगळं कापून टाकलं.
थोड्या वेळाने तळहात खाजायला लागले,
सुरण चिरल्यावर खाजतात तसेच.
नात्याचा याहून पुरावा काय हवा?
डब्याच्या तळाशी चिंचेचं एक बुटुक होतं,
ते कोळून चोळत बसले
बेसिनपाशी, रात्री अकराला.

दोन कंद वाचले.
चॅरिटीच्या दुकानातून मातीची कुंडी आणली,
अर्धी माती, अर्धी जाड वाळू.
आता नियम असा:
बोट दोन पेरं खोल खुपसायचं.
ओलं लागलं तर काही करायचं नाही.
कोरडं लागलं तरी आणखी आठवडाभर
काही करायचं नाही.
झारी कपाटावर ठेवली आहे,
स्टूल घेतल्याशिवाय हात पोचू नये म्हणून.
स्टूल मी शेजारच्या मिस्टर गिलक्रिस्टना दिलं.

फोनही कपाटावर ठेवून पाहिला.
नवव्या दिवशी त्याचाच आला:
आई, पांढरे शर्ट गुलाबी झालेत, काय करू?
सांगितलं काय करायचं ते.
जेवलास का, विचारलं नाही.
विचारलं.
पण एकदाच.

आता एप्रिल. आठ वाजले तरी
खिडकीबाहेर उजेड रेंगाळतो आहे,
निघायचं विसरलेल्या पाहुण्यासारखा.
माती गप्प आहे.
कोंब वगैरे काही नाही,
एका कडेला जरा फुगल्यासारखी वाटते,
पण ती मी रोज बोट खुपसते तीच जागा असेल.

इओनाचा मेसेज आला: कशी आहे ती?
लिहिलं,
माहीत नाही गं.
माझं हल्ली तिकडे लक्षच नसतं.