मंगळवारचं ऊन

बॅलार्ड इस्टेटला तिसऱ्या मजल्यावर
मी अकरा वर्षं फोटो बघतोय:
चेपलेले बंपर, तडकलेल्या काचा,
दारावरचा हातभर ओरखडा.
कुणीतरी घाईत, वाकडे,
स्वतःच्या सावलीसकट काढलेले.
मी नुकसानीचा आकडा लावतो.

माझे फोटो रविवारचे.
कल्याणला मुंज, विरारला हळद,
"अहो, मामांबरोबर एक राहिला."
पाकीट घरी येऊन हेमांगी उघडते,
वहीत मांडते, पेन्सिलीनं.
पगार पेनानं.
मार्गशीर्ष ते ज्येष्ठ आकडे आहेत,
आषाढापासून कार्तिकापर्यंत
नुसती रेघ,
आणि समासात बारीक अक्षरात:
हप्ता. ओवीची फी. मेडिक्लेम जाईल.

बोरा बाजारात केरसीनं कॅमेरा खोलला,
चष्मा कपाळावर सरकवला.
"एक लाख एक्केचाळीस हजार झाले, डिकरा.
कंपनी दीड लाख बोलते. पुढे नशीब."
मी म्हटलं, मग सोडायचं कधी?
"काय, कॅमेरा?"
मी पैसे दिले आणि निघालो.

मंगळवारी दाढ काढायला अर्धी रजा.
माझगावात डॉक्टरच्या जिन्यावरून उतरलो
तेव्हा साडेअकरा वाजले होते,
गाल बधिर, तोंडात कापूस,
आणि भाऊच्या धक्क्यावर असं ऊन
जे मी पाहिलंच नव्हतं.
रविवारचं ऊन पाहुण्यांसारखं, नटून येतं.
हे कामावर आलेलं होतं.
बर्फाच्या लादीतून आरपार जाऊन
हमालाच्या मानेवर हिरवट थरथरत होतं.

मला "हसा" म्हणता येईना.
नुसता कॅमेरा दाखवला.
तोही हसला नाही.
लादी खांद्यावर तशीच,
पाणी कोपरावरून गळतंय,
त्यानं माझ्याकडे पाहिलं,
मग कंटाळून चालू लागला.

दोनला टेबलावर परत.
पहिलीच फाइल टॅक्सीची, मागचा दिवा फुटलेला.
खाली डांबरावर फोटो काढणाऱ्याची सावली,
दोन्ही कोपरं वर उचललेली.
दिव्याऐवजी मी तीच बघत बसलो.
पेडणेकर दोनदा मागून गेले.

राजीनामा गणपतीपासून लिहून ठेवलाय.
फक्त तारीख नाही.

रात्री हेमांगीनं विचारलं,
आज कॅमेरा नेला होतास, किती?
जीभ अजून जड होती.
म्हटलं, अकरा.
तिनं वही ओढली, पेन्सिल टेकवली,
मग थांबून वर पाहिलं:
अकरा काय?