हळदीचा डाग

शेफील्डला नोव्हेंबरात चारलाच दिवस आटोपतो.
तेवढ्या उजेडात मी स्टुलावर कॅमेरा टेकवते
आणि भिंग इतकं जवळ नेते
की माझ्याच श्वासाने काच धुरकटते.

परवा किसणी: प्रत्येक भोकाला
वर उचललेला एक ओठ.
काल साबणाची चिपटी, भेगाळलेली.
आज लाकडी चमचा, कडेला दातांची खूण,
कुणाच्या ते आठवत नाही.

रंग काढून घेतला की वस्तू
कामावर जात नाहीत.
बसून राहतात आपापल्या अंगात.

ओट्यावरच्या डागाचाही काढला एक.
सोडा झाला, लिंबू झालं, तरी न गेलेला.
डिपॉझिटमधून चाळीस पौंड कापणार होती
घरमालकीण, मिसेस हेपवर्थ.
पिवळा गेला. उरलं
काठाशी दाटत गेलेलं करडं,
आणि मधून सुरीची रेघ, पांढरी.

पाहणीला आली ती
भिंतीवरच्या फोटोपुढेच थांबली.
चष्मा कपाळावर नेला.
"हा वरचा माळ ना, धुक्यातला?
या वाटेनं वडील मेंढ्या न्यायचे."

मी हो म्हणाले.
ओट्यावरचं पातेलं
होतं तिथेच राहू दिलं.