चौदा स्टुलं

कुपवाडच्या एमआयडीसीत, आमच्या फौंड्रीत
माझ्या दारावर पाटी आहे : मनुष्यबळ विकास.
आत मी, एक कपाट, एक पंखा,
आणि दाराशी चपला काढून येणारी माणसं.
किती सांगितलं, राहू द्या पायात.
तरी काढतातच.

बळ मोजायची रीत ठरलेली आहे :
पंच, पगारपत्रक, ओव्हरटाइमचे तास.
पूर आला त्या वर्षी हजेरीपटात
हजर, गैरहजर, रजा, एवढेच रकाने होते
आणि दस्तगीर मुल्ला चार दिवस
सांगलीवाडीत पत्र्यावर बसून होता.
मी पेन्सिलीनं तिथं नुसतं 'पाणी' लिहिलं.
ऑडिटवाल्यानं विचारलं, हा कुठला कोड?

पण सांगायचं होतं स्टुलांचं.

तपासणी विभागात चौदा बायका
आठ तास उभ्यानं कास्टिंग पारखतात.
बोटानं. डोळा मागून येतो.
केसाएवढी चीर आधी अंगठ्याला कळते.
अक्काताई मगदूमच्या पोटऱ्यांवरच्या
गाठी पडलेल्या निळ्या शिरा
मला नळापाशी दिसल्या, चुकून.
तिनं चटकन साडी खाली सोडली.
"काय न्हाई ओ म्याडम, वय झालं."
वय एकेचाळीस. माझ्याकडं फाईल आहे.

मग टिपण. टिपणावर शेरा. शेऱ्यावर खुलासा.
बसल्यावर उत्पादन घटेल का?
चौदाच कशाला, पाळीपाळीनं सात पुरतील.
आणि साहेब : कुणी मागितली होती का?
नव्हती. म्हणूनच तर.
सात महिने गेले, तीन कोटेशनं.
मिरजेहून टेम्पो आला तेव्हा
मी गेटवर, वॉचमनच्याही पुढं उभी.

लोखंडी पाय, वर काळं रेक्झिन.
दुसऱ्या दिवशी बघते तर
एका स्टुलावर डबे, एकावर हातमोजे,
एकावर भडंगाची पुडी.
बायका उभ्याच.
घोरपडे सुपरवायझर जाता-येता
काही बोलत नव्हता. बोलायची गरज
त्यानं वीस वर्षांपूर्वीच संपवली होती.

नोटीस लावता आली असती.
नियम क्रमांक, सही, शिक्का.
मी डबे उचलून खाली ठेवले,
बसले,
एक कास्टिंग हातात घेतलं. जड होतं.
"शिकवा," म्हणाले.
अक्काताई हसली, इकडंतिकडं बघितलं,
माझा अंगठा धरून कडेवरनं फिरवला.
"हितं. लागली का?"
नाही लागली. परत. नाही.
वाकून वाकून तिची पाठ भरली
की माझ्या अडाणीपणाला कंटाळली, देव जाणे,
शेजारचं स्टूल तिनं पायानं ओढलं
आणि टेकली. अर्धीच.
घोरपडे गेला. परत आला. गेला.

तिसऱ्या खेपेला मला चीर लागली.

महिनाअखेरच्या अहवालात रकाना असतो :
कार्यस्थळ सुधारणा, परिणाम.
लिहिलं : स्टुलं चौदा,
बसणाऱ्या आजअखेर पाच.
अक्काताईला त्यात धरलंय.
ती अजून कडेवरच बसते.