अठरा ते एकशेचाळीस

टॉवेलच्या कारखान्यातला बोनस आठ हजार चारशे,
भिशी लागली बारा हजार,
आणि अम्माला न सांगता मोडलेलं एक रिकरिंग.
एवढं पर्सच्या आतल्या कप्प्यात घालून
मी नवी पेठेत, हत्तुरेंच्या दुकानात,
शनिवारी दुपारी तीन वाजता,
जेव्हा सोलापुरात गिऱ्हाईक आणि कुत्री
दोन्ही सावली बघून असतात.

काउंटरवरचा पोरगा म्हणाला, ताई, हा घ्या,
दोन लेन्सचा सेट, बॅग फ्री, कार्ड फ्री, बारा हप्ते.
किंमत ऐकून मी उगाच ओढणी सारखी केली.

तेव्हा आतून थोरले हत्तुरे आले,
कपाळाला विभूती, बोटांत बारका स्क्रूड्रायव्हर.
"राहतीस कुठं?"
अशोक चौकाच्या मागं.
"माग चालतात का गल्लीत?"
सोळा.
"मग दोन लेन्स घेऊन काय करायलीस?
एक काढून दुसरी लावंस्तोवर
कापसाची तूस आत जाऊन बसती.
मग प्रत्येक फोटोत आभाळाला काळा केस.
एकच घे की. लाव आणि विसर."

खणातून त्यांनी काढला
लग्नाच्या एका फोटोवाल्यानं विकलेला,
पट्ट्यावर घामाचे पांढरे नकाशे,
अकरा हजार वेळा उघडून मिटलेला.
अठरा ते एकशेचाळीस, म्हणाले.
खोलीपासून तळ्यापल्याडच्या पाणकावळ्यापर्यंत.
ट्यूबलाइटपुढं धरून
भिंगातली बुरशी कशी शोधायची ते दाखवलं.
नव्हती. कडेला एक ओरखडा होता.
त्याचे पाचशे कमी, म्हणाले. मी हजार म्हटलं.
सातशेवर आम्ही चहा प्यायलो.

चादरीचं उदाहरण मी देणार नाही.
अंथरायला, पांघरायला, गाठोडं बांधायला,
इथं प्रत्येक सभेत कुणीतरी देतंच.
मला आठवली कात्री.

अम्माची. तेंदूची पानं कापायला घेतलेली.
तिनंच आमची नखं,
माझ्या पहिल्या फ्रॉकचा गळा, दुधाची पिशवी,
आणि आप्पा गेले त्या रात्री
त्यांच्या मनगटावरचा दवाखान्याचा पट्टा.
दुसरी कात्री घरात आली नाही.
ही नक्की कशाची आहे, कुणी विचारलंही नाही.

दहा बाय बाराची खोली.
अठरावर आणलं तरी अम्मा, सूप आणि दिवाण
एकात मावेनात.
मागं सरकत उंबऱ्याबाहेर गेले,
मग गटारीवरच्या फरशीवर,
पाठीत शेजारच्या मागाचा खडखडाट.
तेव्हा मावलं सगळं.
एकशेचाळीसवर फक्त तिच्या अंगठ्याचं नख,
ज्यानं ती विडीचं तोंड मिटते,
चाळीस वर्षं, रोज हजार.

"कशाला?" म्हणाली, आधी तेलुगूत, मग मराठीत,
मराठीत जरा रागानं.
तिचा एकच फोटो आहे आमच्याकडे,
विडी कामगाराच्या ओळखपत्रावरचा,
शिक्का नेमका डाव्या डोळ्यावर.

मग हात पुढं केला. बघू.
किंमत विचारली. मी निम्मी सांगितली.
निम्मीही तिला जास्त वाटली.
हात पदराला पुसून तिनं रिंग फिरवली,
थांबली, उलटी फिरवली,
तंबाखूच्या डब्याचे आटे चुकले की फिरवते तशी,
आणि मी नीट उभी राहायच्या आत
दाबलं.

फोटोत मी पुसट, कपाळ कापलेलं.
मागं खिळ्याला अडकवलेली कात्री
स्वच्छ, धारेसकट.

पुढच्या शनिवारी हत्तुरेंना दाखवला.
चष्मा वर करून बघितला त्यांनी.
फोकस चुकलाय, म्हणाले.
मी म्हटलं, असेल.