त्या दुपारी मी मासा होतो

टेनेसीतल्या त्या दुपारी मी नऊ वर्षांचा होतो
आणि मासा होतो.

आजोबांच्या दुकानात, गांडुळांच्या फ्रिजपाशी,
अनवाणी, मुठीत तंगुसाचं टोक,
आणि डोळे मिटलेले. ही व्हर्ना टॅकेटची अट.
"वीस फुटांखाली बास काय बघून गिळतो होय?
तिथं पाणी कालच्या चहासारखं असतं."

व्हर्ना आमची शाळेची बस चालवायची.
कुणाला उशीर झाला तर हॉर्न देत नसे,
नुसती बघायची.
उजव्या मनगटावर टाक्यांचा व्रण, गोमेसारखा.
जूनमध्ये, तळ्याच्या पोटात गेलेल्या जुन्या रस्त्याच्या कडेला,
तिच्या हातून एक मासा सुटला होता.
वजन दर आठवड्याला वाढायचं.
मासा तोच.

तिचं आमिष लाकडी, कोंबडीच्या अंड्याएवढं,
पुढं पारदर्शक लांब जीभ.
ओढावं तसं ते वर यायच्या ऐवजी खाली जातं,
बुडातल्या बुंध्यांवर डोकं आपटत, चिखल उडवत,
आणि त्याची ती सगळी धडपड
मनगटात येऊन बसते.

आजोबांनी अर्थातच आधी महागडी काठी काढली.
ग्राफाइटची, काळी, काडीसारखी हलकी.
"तळाचा शिंपला घासला तरी कोपरापर्यंत कळेल तुला.
बोटांना कान येतात, व्हर्ना, कान!"
मी मूठ उघडली, माशाचं तोंड उघडावं तशी.
तंगूस आत आला, मिटणार तोच
सर्रकन गेला.
तळव्यावर लाल रेघ.

"हे असंच झालं," व्हर्ना म्हणाली.
"त्याला कळायच्या आत मला कळलं.
माझ्या कळण्यानंच सुटला तो."

दुसरी काठी आखूड. मागच्या आवारात फेकून पाहिली,
आमिष पिकअपच्या अलीकडंच पडलं.
लांब गेलं नाही ते खोल जायचं नाही,
असं आजोबा स्वतःच म्हणाले
आणि गुपचूप ती खुंटीला लावून आले.

मग व्हर्नाची नजर दारामागं गेली.
तिथं एक होती, फायबरग्लासची, आठ फुटी,
मोहरीच्या रंगाची, जड.
आजोबा तिनं छताची जळमटं काढायचे.
"ती मठ्ठ आहे गं. उशिरा समजतं तिला."
"मग ती द्या."

पुन्हा डोळे मिटले.
तंगूस मुठीत आला, मूठ मिटली, काहीच झालं नाही.
मी वळलो, निघालो,
छोट्या माशांच्या टाकीवरून, बिलाच्या टेबलाला वळसा घालून,
मोकळाच आहे असं समजून
थेट दारापर्यंत.
तिथं कुठं जाणवलं, की मागं कुणीतरी आहे.

"सूट बघू," व्हर्ना म्हणाली.
मी हिसके दिले, मान झटकली,
लिनोलियमवर लोळण घेतली.
काठी टोकापासून पोटापर्यंत वाकत होती,
मी जाईन तिकडं येत होती,
कधी ढील, कधी ओढ, घाई कशाचीच नाही.
आजोबांना धुळीनं सटासट शिंका.
व्हर्ना डाव्या हातानं रीळ फिरवत होती
आणि उजवं मनगट, गोमेसकट,
नुसतं टेकून होतं.

किमतीवर घासाघीस झाली. जळमटांचे दोन डॉलर कमी.
तिच्या गाडीत ती मावेना,
मागच्या खिडकीतून हातभर बाहेर राहिली
आणि आमच्या खडीच्या रस्त्यावरून जाताना
प्रत्येक खड्ड्याला हो म्हणत गेली,
जरा उशिरानं.

सोमवारी बसच्या पायरीवर तिनं मला थांबवलं.
"हात बघू."
मी रेघ दाखवली. फिकट झाली होती, पण होती.
"ही पहिलीची. आणि दुसरीची?"
मी तळवा उलटा केला, सुलटा केला.
मागून मुलं ढकलत होती.
व्हर्ना हसली नाही,
दार लावलं, गिअर टाकला.

त्यानंतर त्या माशाचं वजन
वाढायचं थांबलं.