नाण्याएवढी ढील

सहाशे चाळीस किलोमीटर फक्त.
सीटवरचं प्लास्टिकसुद्धा तेक्लेनं काढलेलं नाही.
कुताइसीबाहेरच्या चढावर, चौथ्या गिअरात
इंजिन ओरडतं, काटा चढतो,
वेग मात्र जागचा हलत नाही.
आणि वास, तव्यावर विसरलेल्या मेथ्यांचा.

नुगझार काहीच उघडत नाही.
एका बोटानं क्लच ओढतो. लगेच ताण.
"कोणी आवळलं?"
"मीच. पहिल्याच आठवड्यात. सैल वाटलं म्हणून."

तो खिशातून एक तेत्री काढतो,
दांडीच्या फटीत धरतो,
नट अर्धा फेरा, मग पाव,
नाणं सरकेपर्यंत.
"एवढं सैल असू दे.
सोडलं असं तुला वाटत होतं,
प्लेटांना नव्हतं वाटत."

तेक्ले पुन्हा चढाला लागते.
नाणं तिच्याकडेच राहिलंय.
चौथा गिअर.
वास अजून येतोय,
की जॅकेटलाच लागलाय?