कार्बनची प्रत

विल्फ स्टॅनिलँड गेले, तेव्हा लंडनच्या नाटकगृहांनी
एक मिनिट दिवे मंद केले.
मी एकोणीस नंबरच्या बसमध्ये होते, वरच्या मजल्यावर,
मांडीवर लीकच्या कांद्यांची जुडी.
कंडक्टर म्हणाला, फ्यूज गेला असेल.
मी काही बोलले नाही.
एकेचाळीस वर्षं दुसऱ्याचं बोलणं टाइप केलं
की ही सवय लागते.

पेपरांत आलंय ते सगळं खरं आहे:
ग्रिम्झबीची गोदी, बापाचा ट्रॉलर,
सव्वीस नाटकं, दोन बायका, नावामागे ‘सर’.
पण त्यांच्या कागदांना हॅडकचा वास यायचा
हे कुणी लिहिलं नाही.
पहिलं नाटक माझ्याकडे आलं
ते मासळीच्या लिलावाच्या पावत्यांवर, पाठकोरं,
थुंकी लावून गडद केलेल्या शिसपेन्सिलीत.
पानाला सहा पेन्स ठरले. तेही उधार.

त्यात एक बाई होती, पाव कापणारी.
बोट परतलेली नाही,
अख्खी गल्ली दारात येऊन उभी,
आणि ती सुरी न थांबवता म्हणते,
“पाणी अजून गरम आहे.”
दुसऱ्या दिवशी त्यांनी ओळ खोडली.
“मिस ऑल्डिस, हे जरा जास्त होतंय.”

मग ती बाई येतच राहिली.
कधी उमरावाची बायको, कधी खाणावळवाली,
एकदा तर धर्मगुरूची विधवा.
दुसऱ्या अंकाच्या शेवटी टेबलाशी उभी,
ओठ उघडते,
पडदा.
तिच्या मौनावर समीक्षकांनी जाडजूड पुस्तकं लिहिली.
मला हसू यायचं.
दर वेळी ओळ लिहिलेली असायची,
दर वेळी तिच्यावर आडवी रेघ,
आणि खालची कार्बनची प्रत
माझ्या ड्रॉवरमध्ये, निळी, पुसट.

शेवटच्या नाटकाला त्यांचा हात थरथरायचा.
ते सांगायचे, मी यंत्रावर.
दुसऱ्या अंकाच्या शेवटी थांबले.
खाली गवळी रिकाम्या बाटल्या गोळा करत होता.
“इथे आपलं काहीतरी होतं ना, ऑल्डिस?”
‘मिस’ गळालं होतं, पहिल्यांदाच.
मी म्हटलं, “नव्हतं काही.”
आणि टाइप करून टाकलं.

पहिल्या प्रयोगाला नटीनं ते वाक्य म्हटलं,
साधंच, पावाचा चुरा हाताने गोळा करत.
शेजारी काळोखात ते कोटाची बटणं लावू लागले,
चुकीच्या काजांत,
घाईने बाहेर काढलेल्या पोरासारखी.
बऱ्याच वेळाने म्हणाले,
“टायपिंगची एक चूक राहिलीय तुमची.”
“दुरुस्त करू?”
समोर मध्यंतराचे दिवे लागले होते.
“राहू दे.”

आता नवी आवृत्ती निघते आहे, संशोधित.
संपादक तरुण आहे, नम्र आहे, तीनदा येऊन गेला.
ती ओळ हस्तलिखितात कुठेच सापडत नाही,
म्हणून गाळायची म्हणतो.
ड्रॉवरची किल्ली माझ्या चष्म्याच्या डबीत आहे.
त्याला चहा दिला.
अजून काही ठरवलेलं नाही.